तुम्ही विचारलंत म्हणून : पोरीला इन्स्टा वापरू द्यायचं का?

“मॅडम, पोरीला इन्स्टा वापरू द्यायचं का नको?” पालकसभा आटपली की दोन-तीन जणी मागे रेंगाळतात त्या हेच विचारायला. आठवडी बाजारात कुणी भेटलं, एसटीत शेजारी कुणी बसलं, तरी बोलणं फिरून इथंच येतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आठवी ते दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. निम्मी मुलं गावातली, निम्मी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येणारी. तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. पण पिशवी हातात धरून उभ्या उभ्या सांगण्यासारखं त्याचं उत्तर नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. सातवी-आठवीपर्यंत टाळता आलं तर टाळा. नववीपासून पुढे द्या, उघडपणे द्या. आणि देताना तिच्याकडून दहा वचनं घेण्यापेक्षा तुम्ही तिला एक वचन द्या. ते कोणतं आणि का, हाच या लेखातला माझा खरा मुद्दा आहे. तिथवर जरा दमानं जाते.

विचारणाऱ्यांकडे नीट पाहिलं की कळतं, हा प्रश्न एक नाहीच. मुलाचे वडील विचारतात तेव्हा त्यांना वेळेची काळजी असते. पोरगं रात्री एक वाजेपर्यंत रील बघतं, सकाळी उठत नाही, दहावीचं वर्ष आहे. मुलीचे वडील विचारतात तेव्हा त्यांचा आवाज खाली येतो. कुणी फोटो पाहील, कुणी मेसेज करील, उद्या सोयरीक जमवताना भावकीतलं कुणी काहीतरी उकरून काढील. पोलीस ठाण्यातून शाळेत मार्गदर्शनाला येणाऱ्या मॅडम फसवणुकीच्या आणि छळाच्याच गोष्टी सांगतात, कारण त्यांच्या टेबलापर्यंत तेवढ्याच पोचतात. गावातले डॉक्टर झोपेबद्दल बोलतात. आणि मुलांना विचारावं तर ती म्हणतात, “मॅडम, सगळे तिथंच असतात.” यातलं कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकजण आपल्यापुढे आलेल्या मुलाबद्दल बोलतो, आणि ती मुलं वेगवेगळी आहेत.

मोठमोठ्या विद्यापीठांतही हा वाद मिटलेला नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट सोळाच्या आत सोशल मीडिया नकोच, असं ठासून सांगतात. मुलांच्या हाती स्मार्टफोन आले त्या सुमारासच तिकडच्या मुलींमध्ये नैराश्य वाढू लागलं, हा त्यांचा आधार. २०२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर हरकत घेतली. दोन गोष्टी एकाच काळात वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही. आधीच खचलेली मुलं जास्त वेळ ऑनलाइन राहत असतील, असंही असू शकतं. त्याआधी २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांची माहिती तपासली होती. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्का भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं.

मग काळजी सोडून द्यायची का? नाही. तो आकडा साडेतीन लाख मुलांच्या सरासरीचा आहे, आणि तुम्हाला तुमच्या एका मुलीबद्दल ठरवायचं आहे. इन्स्टाग्राम फेसबुकच्याच मालकीचं. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा त्यांत इन्स्टाग्रामची स्वतःची पाहणी होती. आपल्या शरीराबद्दल आधीच खंत वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी सुमारे तिघींत एकीनं सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ती खंत वाढते. कंपनीनं उत्तर दिलं की त्याच पाहणीत एकटेपणा, चिंता अशा बाकीच्या बहुतेक अडचणींत मुलींनी उपयोग होतो असं म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. माझ्या वर्गातही दोन्ही एकाच बाकावर बसलेल्या असतात. सावळ्या रंगावरून घरीदारी ऐकून घेतलेली एक मुलगी फिल्टर लावल्याशिवाय फोटो काढू देत नाही. तिच्या शेजारचीला पोलीस भरतीत जायचं आहे. धावण्याचा सराव कसा करायचा, गोळा कसा फेकायचा, हे सगळं ती रीलमधून शिकते, कारण आमच्या गावात मुलींना ते शिकवणारं कुणी नाही.

एक अभ्यास मात्र मला थेट कामाचा वाटला. ऑर्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांची माहिती वयानुसार वेगळी करून पाहिली. सोशल मीडियाचा वापर वाढला की वर्षभरानं आयुष्याबद्दलचं समाधान घटलेलं दिसतं, असा नाजूक काळ मुलींत ११ ते १३ आणि मुलांत १४-१५ या वयात येतो, आणि दोघांतही पुन्हा १९ च्या आसपास. अकरा ते तेरा म्हणजे आपली सहावी ते आठवी. ब्रिटनमधली मुलं वेगळी, आपली वेगळी, हे मान्य. पण पाळी सुरू होण्याचं, अंग बदलण्याचं, वर्गात कुणाच्या तरी नजरा जाणवू लागण्याचं वय तिथंही तेच आणि इथंही तेच. म्हणून मी सातवी-आठवीपर्यंत थांबा म्हणते. त्या वयाच्या मुलीला आत येऊन पडणाऱ्या फोटोंपुढे आणि लाइकच्या आकड्यांपुढे एकटीला बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता नववीपासून का द्यावं, ते सांगते.

संध्याकाळी सात वाजता आमच्या गावातला पंधरा वर्षांचा मुलगा कुठं असतो? तालमीत, मैदानावर, पारावर, मंडळाच्या खोलीत, नाहीतर चौकातल्या वडापावच्या गाड्यापाशी. आणि मुलगी? शाळेतून एसटी स्टँड, स्टँडवरून घर, घरात भांडी आणि धाकट्या भावाचा अभ्यास. तिची जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या वाडीत राहते. दिवाळीची सुट्टी लागली की दोघींची भेट थेट शाळा उघडल्यावर. मुलींसाठी आपण गावात कट्टा ठेवलेला नाही, मैदान ठेवलेलं नाही, वाचनालय असलंच तर ते अंधार पडायच्या आत बंद होतं. अमेरिकी संशोधक डॅना बॉईड यांनी तिकडच्या मुलांशी वर्षानुवर्षं बोलून हेच मांडलं होतं: मुलांना बाहेर भेटायला जागा उरत नाही, म्हणून ती नेटवर भेटतात. अमेरिकेत रस्त्याची भीती आणि क्लासचं वेळापत्रक आडवं येतं. आपल्याकडे मुलीच्या आड गाव येतं.

ऊसतोडीसाठी बीडकडून येणाऱ्या टोळीतली एक मुलगी हंगामात काही महिने आमच्या शाळेत बसायची. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी परत जायची. आईच्या फोनवरून ती वर्गातल्या मुलींशी बोलत राहिली. कोणता धडा झाला, परीक्षेत काय आलं, स्नेहसंमेलनात कोण नाचलं, सगळं तिला कळायचं. पुढच्या हंगामात ती आली तेव्हा वर्गात नवखी नव्हती. कुणी मला सांगतं की हा सगळा टाइमपास आहे, तेव्हा ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे येते.

फोन मुलींच्या वाट्याला मुळातच कमी येतो. प्रथम संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत २०२४ मध्ये १४ ते १६ वयोगटातली जी मुलं स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांच्यापैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि २६.९ टक्के मुलींकडे. आठवड्याभरात अभ्यासासाठी फोन वापरणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. दुसऱ्या आकड्यावरून वर्तमानपत्रांत बरीच हळहळ झाली. मला काळजी वाटली ती त्याच अहवालातल्या पुढच्या आकड्यांची. सोशल मीडिया वापरणाऱ्या या मुलांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्क्यांनाच माहीत होतं, आणि खातं खाजगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. त्यातही बहुतेक राज्यांत मुली मागे. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्यांनाच दार लावायला आपण शिकवलेलं नाही. फोन हातात कमी, सराव कमी, आणि चूक झाली तर शिक्षा मोठी.

इथं एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नववीत होती. घरी कडक बंदी, फोनला हात लावायचा नाही. तिचं कुठंही खातं नव्हतं. कुणीतरी समारंभातल्या एका समूहफोटोतून तिचा चेहरा कापला, तिच्या नावानं खातं उघडलं आणि त्यावर घाणेरडा मजकूर टाकायला सुरुवात केली. वर्गातल्या मुलांना ते दिसलं, वरच्या वर्गातल्या मुलांना दिसलं, एसटीतल्या पोरांना दिसलं. सगळ्यांत शेवटी कळलं ते तिला, कारण ती तिथं नव्हती. कळल्यावरही तिनं घरी सांगितलं नाही. ती शाळेत गप्प होत गेली, मग वरचेवर गैरहजर राहू लागली. शेवटी तिच्या मैत्रिणीनं मला स्टाफरूमबाहेर गाठून सांगितलं.

मी तिला विचारलं, आईला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “सांगितलं तर शाळा बंद करतील.” आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वडिलांना बोलावलं तेव्हा त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघालं: उद्यापासून येणार नाही ती. भले गृहस्थ, पोरीवर जीव असलेला माणूस. पण भीती वाटली की आपल्याला बंद करण्यासारखी एकच गोष्ट दिसते, पोरगी. त्यांच्याशी बोलायला आम्हाला बरेच दिवस लागले. त्या मानानं खातं बंद करून घेणं सोपं गेलं. आपल्या नावानं बनावट खातं उघडलेलं असेल तर ज्याचं स्वतःचं खातं नाही त्यालाही तक्रार करता येते. ओळखपत्र द्यावं लागतं आणि आईवडील मुलीच्या वतीनं ती करू शकतात. मुलगी शाळेत टिकली, दहावी झाली.

बंदी तिला वाचवू शकली नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘खातंच नको, म्हणजे भानगड नको’ असं फार जण धरून चालतात. आणि बंदी असूनही खातं उघडणाऱ्या मुली तर वर्गागणिक आहेत. मैत्रिणीच्या फोनवरून, चुलत बहिणीच्या नंबरावर, भलत्याच नावानं, बिनचेहऱ्याचं. कुणी नाचते, कुणी रांगोळी टाकते, कुणी फक्त बघते. अशा लपवलेल्या खात्यावर एखाद्यानं गोड बोलून फोटो मागून घेतला आणि मग धमकावायला लागला, तर त्या मुलीनं काय करायचं? घरी सांगायचं तर आधी खात्याचीच चोरी उघडी पडते. त्रास देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याचा सगळा जोर त्या फोटोपेक्षा तुमच्या धाकावर चालतो. “तुझ्या बापाला पाठवू का?” एवढं म्हटलं की पुरतं.

म्हणून ते वचन. फोन देताना, किंवा घरातला फोन वापरू देताना, तिला समोर बसवून सांगा: काहीही झालं, तू काहीही केलेलं असलंस, आणि येऊन मला सांगितलंस, तर मी फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही, मारणार नाही. आणि वेळ येईल तेव्हा ते पाळा. राग गिळून पाळा. हे एवढं ज्या घरात झालं, त्या घरातल्या मुली माझ्याकडे गोष्ट लहान असतानाच येतात. “मॅडम, हा माणूस सारखा मेसेज करतोय, आईला दाखवला, आई तुम्हाला विचार म्हणाली.” एका मिनिटाचं काम असतं, ब्लॉक केलं की संपलं. ज्या घरात झालेलं नाही, तिथल्या मुली फार उशिरा येतात, किंवा येतच नाहीत.

आमच्याच जिल्ह्यातल्या भोंग्याबद्दलही मला विचारतात. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनात शाळा ऑनलाइन झाल्या, कुणी शेळी विकून, कुणी उचल घेऊन फोन आणले, आणि शाळा उघडल्या तरी ते फोन मुलांच्या हातून सुटेनात, हे त्यामागचं कारण. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांना घरोघर पाठवून हे बसवलं. मला तो निर्णय फार आवडतो, आणि आवडतो तो एका गोष्टीसाठी: भोंगा आईबापांसाठीही वाजतो. त्या दीड तासात मालिकाही बंद आणि बापाचं व्हॉट्सॲपही बंद.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं १८ वर्षांखालच्या मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. त्यामागची तळमळ मला समजते. मुलं गेममध्ये आणि नको त्या साइटवर अडकताहेत, हे पाहून गाव हादरलं होतं. पण मोठी माणसं मोकळी आणि फक्त मुलं बांधलेली, असा नियम मी माझ्या गावासाठी मागणार नाही. लपवाछपवी कुठून सुरू होते, ते वर लिहिलंच आहे.

सरकारांनीही आता यात लक्ष घातलं आहे. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची खाती बंद करायला लावली. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब सगळी त्यात आली. व्हॉट्सॲपला वगळलं. दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, आणि तो कंपनीला. मुलांना नाही, आईबापांनाही नाही. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी त्या कायद्याचा अभ्यास चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही चर्चा रंगली. माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना बंदी हवी आहे. मला त्यातला दंडाचा भाग हवा आहे. मुलगी दोन तास रील बघत बसली तर तिच्यात मन मारायची ताकद नाही असं आपण म्हणतो. पण एक संपायच्या आत दुसरी सुरू होईल अशी रचना कुणीतरी पगार घेऊन केलेली आहे. त्या रचनेला जाब विचारणारा कायदा मला हवा. मुलांनाच हुसकून लावणाऱ्या बंदीबद्दल मात्र माझा अनुभव चांगला नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली. जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या, आणि आमची मुलं तिकडे गेली. त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही.

इन्स्टाग्रामची १३ वर्षांची अट कुठून आली, हेही पालकांना माहीत असावं. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला: तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीवाचून गोळा करायची नाही. परवानगीची खटपट नको म्हणून कंपन्यांनी तेराची रेघ ओढली. मुलाच्या मनाची तयारी तेराव्या वर्षी होते, असं कुणी तपासून ठरवलेलं नाही. आपला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा त्याहून पुढे जातो. त्यात १८ पूर्ण होईपर्यंत मूलच धरलं आहे, पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. जाहिरातींवरच्या मनाईचं मी मनापासून स्वागत करते. संमतीबद्दल मला शंका आहे. आमच्याकडे फोन आईचा, सिम वडिलांच्या नावावर, ईमेल मुलानं उघडून दिलेला, आणि ओटीपी आला की तो वाचून दाखवणारंही तेच मूल. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनं भारतात किशोरांसाठी वेगळी खाती आणली: आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद. चांगली सोय आहे. पण खातं उघडताना मुलं जन्मसाल आधीचं टाकतात आणि ही सोय त्यांना मिळतच नाही. तेव्हा मुलीचं खातं उघडताना शेजारी बसा आणि खरं जन्मसाल टाकायला लावा. माझ्या मते पालकांच्या हातातली सगळ्यांत परिणामकारक गोष्ट आज हीच आहे.

मुलगे तिथं काय करतात, हे मला कुणी जवळजवळ विचारतच नाही. पोरगं घरात झोपेपर्यंत बघतं, एवढीच तक्रार. ते तिथं काय टाकतं, हे विचारा. हातात कोयता घेऊन गाणं लावलेली रील, तलवारीनं कापलेला वाढदिवसाचा केक, ‘भाई’च्या नावाचं स्टेटस. अशा रीलवरून पोलीस शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात, आणि अठरा पूर्ण झाल्यावर नोंदलेला गुन्हा त्याच पोलीस भरतीत आडवा येऊ शकतो जिची तो तयारी करत असतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलं होती. चोवीस तासांनी आपोआप पुसलं जाणारं ते स्टेटस. बनावट खाती उघडणारी पोरंही कुणाच्या तरी घरात वाढलेली असतात. वर जिच्याबद्दल लिहिलं, तिचा फोटो कापणारा मुलगाच होता. त्याच्या आईबापांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

याची दुसरी बाजूही आपल्याच राज्यातली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. ते पाहून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिल्याबद्दल शिक्षा सांगणारं कलम, रद्द केलं. आज तुम्ही-मी व्हॉट्सॲपवर मत मांडतो तेव्हा त्या कलमाची टांगती तलवार नसते, ती या मुलींमुळे. दहावीच्या वर्गात मी हे दरवर्षी सांगते, विशेषतः मुलींना. सोशल मीडियावर मुलगी दिसली की तिची फक्त अब्रूच आठवावी, हे मला पटत नाही. तिला मतही असतं.

आता, जे आजच अडचणीत आहेत त्यांच्यासाठी. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका, आणखी फोटो देऊ नका. घाबरून चॅट किंवा खातं पुसू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या, त्या खात्याची लिंक लिहून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, मुलांच्या अश्लील चित्रांबद्दलची तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, मन फार खचलं असेल तर टेली-मानस १४४१६. अठराखालच्या मुलीचा तसा फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो कुठंही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा आकड्यांतला ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही अशीच सेवा आहे. पोलिसांकडे जायला मुली घाबरतात, त्यांना हे सांगा: पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. मुलीचं नाव कुठंही छापता येत नाही. जबाबाच्या वेळी आई किंवा तिचा विश्वास असलेलं कुणीही जवळ बसू शकतं. घरचं कुणी यायला तयार नसेल, तर मी येईन.